शिक्क्याचा कागद

(स्पेनच्या राजाचा अंमल. कीतोच्या दक्षिणेकडल्या डोंगरातलं एक खेडं. सेलेदोनिओ कीतोच्या साहेबांसाठी रानातून झाडंझुडपं गोळा करतो. रुफिना त्याची मावशी.)

सेलेदोनिओ : अकरा दारं वाजवली, मावशी. एकानंही कडी काढली नाही.

रुफिना : आधी टेक जरा. पाय बघ कसे सुजलेत. घोटभर चिचा घे, मक्याची ताजी दारू आहे.

सेलेदोनिओ : चिचा नको गं, माणसं हवीत. चार पेटारे घाट ओलांडून न्यायचेत. खेचरं त्या वाटेनं चालत नाहीत. वर्षभर रान तुडवून सुकवलेली फुलंपानं आहेत त्यात. ओल लागली की कुजलीच. मग साहेब मला ठेवतायत होय!

रुफिना : आणि माणसं मिळवायला तू काय केलंस? चौकात उभा राहून शिक्क्याचा कागद वाचलास.

सेलेदोनिओ : राजाचं पत्र आहे ते! ‘यास सर्वांनी साह्य करावे’ असं लिहिलंय. मला वाटलं, लोकांना कौतुक वाटेल. आपल्या गावचा माणूस...

रुफिना : कौतुक? अरे शहाण्या, याआधी असला कागद चौकात कधी वाचला होता? तुझ्या बापाला खाणीवर नेलं तेव्हा. आला का तो परत? तू ‘राजाच्या हुकुमावरून’ म्हणालास आणि अर्धं गाव मागल्या दारानं रानात पळालं.

सेलेदोनिओ : ...माझ्या डोक्यातच आलं नाही.

रुफिना : कसं येईल? साहेबांच्यात राहतोस ना.

सेलेदोनिओ : मग काय करू, फाडून टाकू?

रुफिना : फाडतोस कशाला. पण तो नसता वाचलास तरी कोण येणार होतं? तीन वर्षांत गावकामाच्या एकाही मिंगेला तू नव्हतास. गावानं मिळून पाट उपसला, तू नाही. पूल बांधला, तू नाही. माझी भिंत पडली तेव्हा शेजारपाजारचे चिखल तुडवायला आले, आणि सख्ख्या बहिणीचा मुलगा कुठे? तर झाडावर चढून फुलं तोडतोय.

सेलेदोनिओ : मजा मारत नव्हतो मी तिथे.

रुफिना : ठाऊक आहे रे. पण दुसऱ्याच्या कामाला हात लावल्याशिवाय आपल्या ओझ्याला कुणी हात लावत नाही. इथं कागद नाही, एवढंच चालतं.

सेलेदोनिओ : फार दमलोय गं. साहेब मला गावचा समजतात, गाव साहेबांचा समजतं.

रुफिना : उद्या शेजारच्या तोमासाचं छप्पर शाकारायची मिंगा आहे. ये. सगळे चिचा प्यायला बसले की मी विषय काढते. मिळतील चार माणसं.

सेलेदोनिओ : उद्या? आभाळ बघितलंस का? एक दिवस थांबलो तर अर्धा माल गेला समज.

रुफिना : आणि एकटा निघालास तर?

सेलेदोनिओ : सगळाच.

रुफिना : मग?

सेलेदोनिओ : ...छपराचं गवत कुठल्या डोंगरावरून आणायचंय?