वीस तांबे लाह्या

मंडळी, एक सांगा. एका माणसाच्या मापानं दुसरा माणूस मोजावा का? 'नाही' म्हणालात. लगेच म्हणालात! बरं, मग ऐका.

नांदखेडला सप्ताह होता, काल्याचं कीर्तन माझं. काल्याचा मान हौसाबाईंच्या घराचा. काला म्हणजे लाह्या, दही, मीठ, मिरची. तीस वर्षं बाईंनीच कालवला. यंदा हात मोडला, प्लास्टरमध्ये. मग काला कोण करणार? सून, सुवर्णा. आणि हौसाबाईंच्या जाऊबाई चंपाबाई म्हणाल्या, "बिघडला तर पुढच्या वर्षी मान आमच्याकडे." अहो, सख्ख्या जावा त्या, टपूनच बसलेल्या असतात.

सासूबाईंनी माप सांगितलं, "देवळातल्या तांब्यानं वीस तांबे लाह्या, पाच तांबे दही."

सुवर्णा दूध डेअरीत कामाला. तिथं लिटर आणि किलो जवळजवळ सारखेच. पोरगी हिशोबाला पक्की. तिनं तांब्याभर पाणी काट्यावर ठेवलं — एक किलो. मग काय? वीस तांबे म्हणजे वीस किलो! भट्टीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, किती लग्नं आहेत एका मांडवात?" तिला वाटलं, चेष्टा करतोय.

काल्याच्या सकाळी टेम्पो आला. पोत्यांवर पोती! सभामंडप भरला. आमचे पखवाजवाले एका पोत्यावर, मी दोन पोत्यांच्या मध्ये. पाच तांबे दही ओतलं, ते कुठं गेलं कळलंच नाही. मी आपला गजर लांबवतोय. म्हणणार किती? घसा बसला, पण काला काही ओला होईना.

चंपाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "डेअरीवाली ती. तिला काय कळतंय?"

सुवर्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढ्यात हौसाबाई आल्या, गळ्यात हात बांधलेला. पोती बघितली, सून बघितली. आता कडाडणार, असं सगळ्यांना वाटलं. बाई म्हणाल्या, "तांब्या भर लाह्यांनी. ठेव काट्यावर."

ठेवला. पन्नास ग्रॅम! वीस तांब्यांचा मिळून जेमतेम एक किलो.

"आत्या, मान गेला हो माझ्यामुळं."

"कशानं गेला? पोती परत बांध. घमेल्यात वीस तांबे घे, पाच तांबे दही मागव. चुकलीस, पण मोजून चुकलीस. पहिल्या वर्षी मी मीठ मुठीनं टाकलं होतं, निम्मं गाव दिवसभर पाणी पीत होतं. माझ्या सासूनं मला घरी नाही पाठवलं."

मग चंपाबाईंकडे वळल्या. "आणि चंपे, हिला माझ्या तीस वर्षांशी तोलू नकोस. माझं पहिलं वर्ष तू पाहिलंयस. मान माझ्या सुनेचाच."

पाण्याच्या वजनावरून लाहीचं वजन काढलं, ही सुवर्णाची चूक. ती तासाभरात निस्तरली, आणि उरलेल्या लाह्या सगळ्या गावानं आठवडाभर खाल्ल्या. पण तुमचं काय? शेजारणीची सून पहाटे उठते म्हणून आपलीला घालूनपाडून बोलता. भावाचा मुलगा इंजिनियर झाला म्हणून आपला नालायक ठरवता. हा कुठला काटा हो?

'आमच्या वेळी असं नव्हतं' असं या आठवड्यात घरात किती जणी म्हणाल्या? राहू दे, हात वर करू नका. सुना मागंच बसल्यात, त्यांनी मोजलंय.