सात रविवार आणि पितळी बटण

...आणि सातशे वेळा फासा टाकायचा म्हणजे काय चेष्टा आहे का हो? तुम्हाला सांगतो, मनगट गेलं माझं! लेकीचा आठवीचा गृहपाठ, संभाव्यतेचा. घडलेली एखादी गोष्ट घ्या, ती घडण्याची शक्यता किती होती ते सोप्या प्रयोगातून काढा. मी आपला फुशारकीनं बोलून गेलो, ‘माझ्या नशिबाचीच काढ की!’ झालं... घेतला पायावर धोंडा मारून.

त्याचं असं आहे, माझे वडील शिंपी. दुकान एवढंसं. एक मशीन, कापायचं टेबल, इस्त्री, एक स्टूल, संपलं. मी सहा वर्षांचा असताना आई सात आठवडे दवाखान्यात होती. रविवारी शाळा नाही, म्हणजे आम्ही तिघं भावंडं शेजारच्या काकूंच्या गळ्यात. दुकानात वडिलांबरोबर कोण जाणार? स्टूल तर एकच! मग वडील बटणांचा डबा रिकामा करायचे आणि त्यात तीनच बटणं टाकायचे. दादाचं काळं, ताईचं पांढरं, माझं पितळी, कोटाचं. डोळे मिटून त्यांचा हात आत, खुळखुळ खुळखुळ... आणि निघायचं माझं! दादा बोंबलायचा, ‘परत हाच?’ वडील शांतपणे म्हणायचे, ‘डब्यानं सांगितलं, आपण काय करणार?’

सातच्या सात रविवार, बरं का! त्या स्टुलावर बसून मी खडूचे तुकडे गोळा करायचो, मशीनची घरघर ऐकत तिथंच पेंगायचो. अजून कुठं इस्त्री तापली की त्या वासानं माझं मन थेट त्या दुकानात जातं. आणि तेव्हापासून मी नशीबवान! नोकरी लागली, नशीब. बायको हो म्हणाली, नशीब. तिचं मत जरा वेगळं आहे, ते असू दे.

तर लेक म्हणाली, ‘बाबा, एक-दोन पडलं की तू, तीन-चार काका, पाच-सहा आत्या. सात वेळा टाकला की झाले सात रविवार. असं शंभर वेळा.’ मी टाकतोय, फासा सोफ्याखाली जातोय, मी रांगतोय, बायको म्हणतेय, ‘जेवायचं टेबल आहे ते, अड्डा नाही!’ शंभर डाव झाले. सातही माझे असा डाव? एकही नाही! जास्तीत जास्त पाच. लेक म्हणते, ‘फाशानं सांगितलं बाबा, आपण काय करणार?’

मी भडकलो. फाशाला काय कळतंय? माळ्यावरून वडिलांचा डबा काढला. तीच तीन बटणं होती. डोळे मिटले, हात घातला... आणि बोटं थांबलीच हो. दोन बटणं चपटी. आणि माझं? माझ्या बटणाला मागे कडी! कोटाच्या बटणाला असते ना, तशी. जन्मभर बटणं लावलेली बोटं वडिलांची, त्यांना डोळे कशाला हवेत?

दादाला फोन लावला. तो हसला. म्हणाला, ‘आम्हाला पहिल्याच रविवारी कळलं होतं रे. आईसाठी तुझं रडं एकदा सुरू झालं की मशीनच्या आवाजाशिवाय थांबायचं नाही.’

‘मग तू बोंबलायचास कशाला?’

‘नाहीतर तुला संशय आला असता.’

फोन ठेवला आणि रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं. इतकी वर्षं ज्याला नशीब नशीब म्हणत होतो, ते माझे वडील होते, आणि दादा-ताई.

लेकीनं सगळं लिहिलं वहीत, अगदी कडीसकट. आज वही तपासून आली. लाल शाईत शेरा, ‘बटणं सारखी हवीत. प्रयोग पुन्हा करा.’

पुन्हा! अहो, दुकान गेलं, वडील गेले... आणि ही कार्टी ‘फाशाच्या बाजू तरी सारख्या आहेत’ म्हणत फासा घेऊन समोर बसलीय. टाकतो आता. मॅडमनी सांगितलं, आपण काय करणार?