अर्धी वाडी खाल्लेला चित्रकार

शपथेवर सांगतो, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे मी तेव्हा विरारला होतो, पण घडलंय खरं.

गिरीजचा आमचा चित्रकार मित्र वसंता ब्रश तोंडात घालून त्याला टोक काढायचा. एकदा केळीची वाडी रंगवताना त्याचे ओठ पावासारखे फुगले.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"

वहिनी म्हणाल्या, "अर्धी वाडी!"

"रंगाची ॲलर्जी आहे. पुन्हा तोंडात गेला तर चित्रं कायमची बंद."

वसंता रडकुंडीला आला. "डॉक्टर, जन्माची सवय हो!"

"ती माझ्यावर सोडा," म्हणत वहिनींनी घरी येऊन सगळ्या ब्रशांना मिरचीचा ठेचा चोळला.

आता वसंता फडक्यावर टोक काढतो आणि मजेत रंगवतो.

यातली मिरची तेवढी माझी. वहिनींनी कारल्याचा रस लावला होता, पण कारल्याने किश्शाला चव येत नाही.