डेल्मर मास्तरांचे दोन हिरवे डबे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या काउंटीचे शेरीफ वेंडेल ऑस्टरमन साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या चर्चचे वयोवृद्ध पाद्री. उत्सवमूर्ती डेल्मर वोसिका, म्हणजे आम्हा सगळ्यांचे मास्तर. त्यांच्या शेजारी बसलेल्या आर्लीनवहिनी. अग्निशमन दलाने आपल्या गाड्या बाहेर काढून हा हॉल आपल्याला दिला ते सगळे स्वयंसेवक. आणि गोड कोलाचे पाव कधी येतात म्हणून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघणारी तुम्ही सगळी मंडळी. सगळ्यांना नमस्कार.

मी मुळातच बोलका माणूस नाही. ज्या शाळेत शिकलो तिथे आठ इयत्ता मिळून आम्ही अकरा मुलं, एक बाई आणि एक शेगडी. त्यामुळे इतक्या लोकांसमोर उभं राहिलं की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. आज तर जास्तच. हा कागद थरथरताना दिसला तर पंख्याचा वारा आहे असं समजा.

मास्तरांनी या काउंटीत एकतीस वर्षं डेप्युटींना, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांना, पिस्तूल चालवायला शिकवलं. मला शिकवलं, शेरीफसाहेबांना शिकवलं. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "लोरेन, डोळे मिटून मारतोस की काय? तो कागद तुझं काही वाईट करणार नाही." उन्हात, बर्फात, गायी नेमबाजीच्या रेंजवर शिरलेल्या असताना, या माणसाने आवाज चढवला नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकही जण कामावर जिवाला मुकला नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या मास्तराला मिळणार?

आणि या सगळ्या वर्षांत त्यांनी कमरेला एकच पिस्तूल लावलं. पंचेचाळीस. निवृत्तीच्या प्रथेप्रमाणे आज तेच काचेच्या पेटीत बसवून त्यांना भेट देत आहोत. चर्चमधून आलेल्या मंडळींसाठी सांगतो: पंचेचाळीस म्हणजे जाड गोळी. हाताला झटका मोठा आणि मूठही जाड. नऊ म्हणजे तिच्याहून बारीक गोळी, झटका कमी. यावरून आमच्याकडे जितकं भांडण होतं तितकं बाप्तिस्म्यावरूनसुद्धा होत नाही. मास्तरांचं म्हणणं ठरलेलं. कुणी नऊची बाजू घेतली की म्हणायचे, "घे बाबा, घे. खारी मारायला बरी असते."

आम्ही हसायचो. मी सगळ्यात मोठ्याने.

आता ज्या गोष्टीमुळे दोन रात्री झोप लागली नाही तिच्याकडे येतो. येऊ की नको, हे अजूनही नक्की नाही. पण उभा तर राहिलोय.

उद्यापासून नव्हे, या महिन्याच्या अखेरीपासून रेंज माझ्याकडे येणार. म्हणून परवा मी मास्तरांचं कपाट आवरायला घेतलं. त्यात गोळ्यांचे दोन रिकामे हिरवे पत्र्याचे डबे होते. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आसपासच्या काउंट्यांत कुठे पोलिसांचा गोळीबार झाला की मास्तर एक कार्ड लिहायचे: कुठली गोळी, किती लागल्या, पुढे काय झालं. एका डब्यावर लिहिलंय 'धडे', दुसऱ्यावर 'अपवाद'. नव्या डेप्युटींना शिकवायचं ते 'धडे' डब्यातून.

मी खुर्ची ओढून सगळी कार्डं वाचली. वीस आहेत. 'धडे' डब्यात काय? पंचेचाळीसने काम झालं, आणि नऊने झालं नाही. 'अपवाद' डब्यात? नऊने काम झालं, आणि पंचेचाळीसने झालं नाही. धडे अकरा, अपवाद नऊ. म्हणजे जवळजवळ अर्धी दुनिया आमच्याकडे अपवाद होती!

आणि मग धान्यकोठाराचं कार्ड सापडलं.

धान्यकोठाराची गोष्ट तुमच्यातल्या प्रत्येक डेप्युटीने माझ्या तोंडून ऐकली आहे. शेजारच्या काउंटीत धान्यकोठारापाशी एक माणूस नऊच्या चार गोळ्या लागूनही साठ पावलं पळाला आणि तिथल्या डेप्युटीचा गळा धरून बसला. "आता सांगा, नऊ हवी का?" असं मी विचारायचो. मास्तरांचा मदतनीस म्हणून अकरा वर्षं विचारलं.

त्या कार्डावर 'नऊ' हा आकडा लाल शाईने खोडलेला आहे. त्यावर मास्तरांच्या अक्षरात लिहिलंय 'पंचेचाळीस'. मागे प्रयोगशाळेचं पत्र टाचलेलं आहे: त्या डेप्युटीने त्या दिवशी आपल्या वडिलांचं जुनं पंचेचाळीस लावलं होतं. गोळ्या चार, पावलं साठ, गळा तोच. फक्त आकडा बदलला, आणि कार्ड 'धडे' डब्यातून 'अपवाद' डब्यात गेलं. खाली एक ओळ वाढली: 'गोळ्या जागेवर बसल्या नव्हत्या.'

मास्तरांनी ती गोष्ट सांगणं तेव्हाच सोडलं असावं. मी सोडलं नाही. त्यांनी मला थांबवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही, की मास्तर, तुम्ही ही का सांगत नाही हल्ली?

यात कोणी खोटं बोललं का? मला नाही वाटत. प्रत्येक कार्ड खरं आहे. आपण फक्त डबा आधी ठरवत होतो.

आता कुणी म्हणेल, वीस जुनी कार्डं, त्यांनी काय बिघडतं? बिघडतं. तिसऱ्या टेबलावर जोलीन क्रेब्स बसली आहे. जोलीन, अशी खाली बघू नकोस. वार्षिक परीक्षेत पंचेचाळीसने मारलेल्या पन्नासांपैकी चाळीस गोळ्या वर्तुळाच्या आत लागाव्या लागतात. जोलीनच्या पहिल्यांदा सदतीस, दुसऱ्यांदा अडतीस. तिसरी आणि शेवटची संधी परवा सोमवारी. नाही लागल्या तर बिल्ला परत. सहा वर्षं काउंटीचं उत्तर टोक एकटीने सांभाळणारी बाई. ती म्हणाली होती, "मास्तर, माझा हात लहान आहे हो, नेम नाही." मास्तर म्हणाले, "गोळीला हाताचं माप कळत नाही, पोरी." आम्ही तेव्हाही हसलो. दुसरं पिस्तूल वापरायची परवानगी फक्त रेंजमास्तर देऊ शकतात, आणि सोमवारी रेंजमास्तर अजून डेल्मर वोसिकाच आहेत.

माझंही सांगतो, नाहीतर देव माफ करणार नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी प्रार्थनेनंतर मी जोलीनला माझ्या कुरणात बोलावलं आणि माझ्या भावाचं नऊ तिच्या हातात दिलं. पन्नासांपैकी सत्तेचाळीस. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "आज वारा नव्हता." मग पंचेचाळीस दिलं. छत्तीस. म्हणालो, "आता तुझा हात दमला." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लोरेन, वारा तर तोच आहे की!" मी कागद गुंडाळले आणि घरी गेलो. डबा माझ्या डोक्यातसुद्धा होता. तो पत्र्याचा नव्हता, एवढंच.

खरं सांगू? मला आताही भीती वाटते. उत्तर टोकाला तिच्या मदतीला दुसरी गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागतात. तिथे तिच्या हातात नऊ असलं, आणि मास्तरांचंच खरं ठरलं तर? तेव्हा तिच्या दारावर टोपी हातात घेऊन ती वाईट बातमी सांगायला मलाच जावं लागेल. दोन रात्री मी यावर प्रार्थना केली. काल लक्षात आलं, तिथेही मी देवाला माझीच बाजू ऐकवत होतो.

शेवटी काल दुपारी ते कार्ड आणि जोलीनच्या परवानगीचा कागद घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी दोन्ही वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. विचारलं, "उद्या भाषणात काय बोलणारेस?" म्हटलं, "तुमच्याबद्दल चांगलं." म्हणाले, "मग हे कधी बोलणार?" आणि उठून आत गेले. ते रागावले होते की मला बोल म्हणत होते? मी परवानगी समजलो. मला हवं तेच ऐकलं असेन, तर मास्तर, इथेच सांगा. मी बसतो खाली.

…काय म्हणालात, मास्तर? जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. मास्तर म्हणतात, "बसू नकोस, पण आवर. चिकन गार होतंय."

आणि काय? हो. हो, सांगतो. मास्तर म्हणतात, जोलीनने सोमवारी साडेसातला यायचं. दोन्ही पिस्तुलांनी पन्नास-पन्नास मारायच्या. जास्त लागतील ते तिचं, कागदावर सही ते तिथेच करतील… आणि लागल्या किती, ते मास्तर मोजणार नाहीत, मीसुद्धा नाही. "आम्हा दोघांना भोकाच्या आकारावरून कळेल कुठली गोळी, आणि लगेच चष्मा बदलेल." मग मोजणार कोण, मास्तर?

आर्लीनवहिनी.

वहिनी, तुमची हरकत नाही ना? वहिनी म्हणतात, "दोन्ही मला सारखीच नावडतात. एकतीस वर्षं झाली, कुणी विचारलं नाही."

मंडळी, मला अजून बरंच बोलायचं होतं, पण याच्यापुढे माझ्या कागदावरचं काही टिकणार नाही. मास्तर, ते दोन डबे मी सोमवारी रेंजवर आणतो. तुमच्यासमोर एकात ओततो. दुसरा रिकामा घरी न्या, वहिनी त्यात बटणं ठेवतील.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, स्वयंपाकघरातल्या बायकांनी ताटं थांबवून धरली, सगळ्यांचे आभार. निरोपाच्या दिवशी बोलू नये असं काही बोललो असेन, तर मास्तरांनी आणि तुम्ही मोठ्या मनाने पदरात घ्यावं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक ओळ जोलीनसाठी म्हणा. ती जिंकावी अशी नको. सोमवारी दोन्ही पिस्तुलांना वारा सारखाच असावा, एवढीच. म्हणजे मला पुन्हा त्याचं नाव घेता येणार नाही.