राजलक्ष्मीचं खातं तेवढं राहू दे

नाही हो श्रीहर्ष, ब्लॉगला माझी ना नाहीच आहे — घाला की. संयोगितानं तुम्हाला तुमच्या इंदिरानगरच्या ऑफिसातून इथं राजाजीनगरला धाडलं ते काय नुसती कॉफी प्यायला? मुलगी माझी हट्टी आहे. बाबांच्या होस्टिंग कंपनीच्या साइटवर ब्लॉग पाहिजे म्हणाली, म्हणजे पाहिजे. सरी, ठीक आहे. मी एवढंच म्हणतो, तो वेगळ्या मशीनवर ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला घर एकच दिसू दे, आत चूल वेगळी. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, म्हाताऱ्याला बोलायला मिळू दे — लोकांच्या वेबसाइटी आपण सांभाळतो, मल्लेश्वरमचा मिठाईवाला आहे, एक संगीताची शाळा आहे, दातांचे डॉक्टर आहेत, आणि ब्लॉग म्हणजे काय, कुणीकुणी लिहिलेलं सॉफ्टवेअर, त्याला वरून आणखी कुणाकुणाच्या जोडण्या. त्यातली एखादी जुनी राहिली की चोर तिथूनच आत शिरतो. शिरला तर शिरला, त्याला फक्त ब्लॉग मिळू दे, मिठाईवाल्याच्या खोलीत त्याचा पाय पडायला नको. तुम्हीही हेच म्हणताय? मग झालं की. पुण्याचा माणूस आणि पहिल्या फटक्यात कबूल — लिहून ठेवलं पाहिजे.

जोडण्या स्वल्पच ठेवा, बरं का. ब्लॉग जिथून लिहितात त्या आतल्या पानावर या ऑफिसातूनच जाता येईल असं करा. मोबाइलवर आकडा येतो तो टाकल्याशिवाय कुणाला आत सोडू नका — मलासुद्धा नको. बॅकअप दुसऱ्या जागी. हे सगळं कबूल. पण मघाशी शेवटी तुम्ही जे म्हणालात ना, जुना ब्लॉग नव्यात ओतायचा, तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर बंद करायचा आणि वापरात नसलेली खाती काढून टाकायची — तिथं मी थोडा अडतो. त्यातलं एक खातं राहू दे. कुणाचं? राजलक्ष्मीचं. माझी बायको. आतल्या खोलीत आहे, तुम्ही आलात तेव्हा दारातनं डोकावून गेली ती.

वापरात नसलेलं कुठं, रोज वापरते ती. रोज सकाळी तिंडी झाली, नाश्त्याची ताटली उचलली, की येते आणि या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. घाबरू नका, त्या कॉम्प्युटरला बाहेरची वायरच नाही. मीच काढली. जुना ब्लॉग त्याच्यातल्या त्याच्यात चालतो, जगाला तो दिसत नाही, जगातला चोर तिथं पोचत नाही — तेवढी अक्कल शिल्लक आहे मला. मग उपयोग काय, हेच तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगतो. कॉफी घ्या, निवेल.

हा धंदा आम्ही दोघांनी केला. मी मशीनं सांभाळली, तिनं माणसं. मला माणसांशी बोलता येत नाही — आता बोलतोय हा वयाचा गुण, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो. गिऱ्हाईक फोनवर रडायचं, माझी साइट गेली, माझी साइट गेली, आणि मी त्याला सर्व्हरचं व्याकरण सांगायचो. तर ती म्हणाली, बाजूला व्हा, मी लिहिते. आणि ब्लॉग काढला. अहो, काय लिहायची! बॅकअप म्हणजे काय? तर म्हणे, विरजण. रात्री दही लावताना वाटीभर विरजण बाजूला ठेवता ना, ते आपल्याच फडताळात ठेवाल तर मांजर दोन्ही खाईल — शेजारच्या अक्कांकडं ठेवा. झालं. मिठाईवाला दुसऱ्या दिवशी जिना चढून आला, म्हणाला मला शेजारच्या अक्कांकडं ठेवायचंय. मराठीत लिहायची, कन्नडात लिहायची, घरात बोलतो तसंच दोन्ही एकात एक. आमचे पूर्वज इथं कन्नड मुलखात कधी आले ते आम्हालाही धड ठाऊक नाही, त्यामुळं आमची मराठी तुम्हाला जरा वाकडी लागेल, पण तिची वाचून बघा, वाकडी असून गोड आहे.

हां, आणि एक तिचा नियम. या ऑफिसात कुणी पासवर्ड टाकायला लागलं की बाकीच्यांनी तोंड भिंतीकडं फिरवायचं. मालक असो, पाहुणा असो, गिऱ्हाईक असो. तुम्ही हसताय, पण इथं सवयच आहे ती, कुणी कीबोर्डवर हात ठेवला की मान आपोआप वळते. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा मी चोरून बघितलं होतं हो तिच्याकडं, पण पासवर्ड टाकताना कधी नाही. आजतागायत मला तिचा पासवर्ड ठाऊक नाही. मालक मी, मशीन माझं, बदलायचा म्हटला तर चुटकीत बदलीन. पण मूळचा काय आहे ते ठाऊक नाही, आणि विचारला असता तर सांगितला नसता तिनं.

आता तिला विसरण्याचा आजार आहे. हळूहळू आला. आधी नळ उघडा राहायचा, मग गॅस. मग उप्पिटात दोनदा मीठ. मग एक दिवस संयोगिता तिच्या येलहंक्याच्या घरून आली तर तिला म्हणाली, कोण पाहिजे बाई तुम्हाला? पोरगी जिन्यात बसून रडली. तेव्हापासून ती इथं येणं टाळते, फोनवर बोलते माझ्याशी, ब्लॉगचं बोलते, धंद्याचं बोलते — आईचं बोलत नाही. मी रागवत नाही. ज्याचं त्याला सोसवेल तेवढंच.

मला ओळखते ती. तसं नाही, मला ओळखते. नाव येत नाही एखादे वेळी, पण नाव ती तशीही घ्यायची नाही, अहो म्हणायची, अहो म्हणते. म्हणजे — रोज म्हणते असं नाही. चार-आठ दिवसांत म्हणते. मध्ये म्हणाली होती. हात धरून चालवलं की चालते, भरवलं की खाते, परक्या माणसाच्या हातनं खाईल का ती? नाही खाणार. डॉक्टर म्हणाले, मायेचं माणूस शेवटपर्यंत कळतं. मी विचारलं म्हणून म्हणाले, पण म्हणाले.

तर ते कोपऱ्यातलं. सगळं विसरली, श्रीहर्ष, पण बोटं विसरली नाहीत. खुर्चीवर बसते, नाव टाकते, मी तोंड फिरवतो आणि मागं आवाज येतो — टपटपटप, मग जरा थांबते, मग परत टपटप आणि एक जोरात शेवटची कळ. चुकत नाही. साडीच्या निऱ्या घालता येत नाहीत तिला, पण हे चुकत नाही. ब्लॉग उघडतो, नमस्कार राजलक्ष्मी असं वर येतं, आणि ती ते वाचून हसते. त्यानंतर लिहिते. रोज तेच. गिऱ्हाइकांना नमस्कार, आपला पासवर्ड कुणाला सांगू नये. एवढंच. मग प्रसिद्ध करा ते बटण दाबते आणि उठते. जात कुठंच नाही ते, पण मी वाचतो. नेमानं वाचतो. तेवढा वेळ ती माझी पूर्वीची राजी असते हो. पाठ ताठ, पदर खोचलेला. तेवढ्यासाठी मी सकाळची वाट बघतो, उगाच खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या नव्या व्यवस्थेत तिला नवीन पासवर्ड लागणार, मोबाइलवरचा आकडा लागणार. कुठनं शिकेल ती? आणि खातं काढून टाकलंत तर पडद्यावर अक्षरं येतील, ‘अशी व्यक्ती नाही’. रोज सकाळी मशीन तिला सांगणार, अशी व्यक्ती नाही. मी ते बघायचं? माझ्यानं नाही व्हायचं. म्हणून म्हणतो, तिचे लेख नव्यात न्या, आनंदानं न्या, पण तो कोपरा आहे तसा राहू दे आणि संयोगिताला तुम्ही समजावा. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्यातलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्यात घालून द्या. तेच पान, तोच रंग. तुमचं काम त्यानं काही कच्चं राहत नाही, वायरच नाही म्हटल्यावर राहील कुठनं?

विश्वास नाही बसत? बसू नये. माझाही बसला नव्हता. थांबा, आज तिची तिंडी उशिरा झाली, अजून बसलेली नाही ती. बोलावतो. तुम्हीच बघा — म्हणजे ऐका. राजी, ये की बाहेर. ये, वेळ झाली. हे श्रीहर्ष आहेत, आपल्या संयोगितानं पाठवलेत, ब्लॉगच्या कामाला. ये, हात दे. सावकाश. ही तुझी खुर्ची. बस.

आता आपण फिरायचं. हो, तुम्हीपण, भिंतीकडं. कॅलेंडर बघत उभे राहा, मिठाईवाल्याचंच आहे, मी रोज बघतो. हळू बोलतो आता. ऐका — खुर्ची पुढं ओढली. हे नाव टाकतेय, नाव सावकाश टाकते. झालं. आता बघा, आता कसं सरसर — आता —

थांबली. विचार करत असेल. कधीकधी घेते वेळ. कधी घेत नाही खरं तर, पण आज तुम्ही नवीन आहात ना. काय गं? काय झालं? कोण परके? हे श्रीहर्ष, सांगितलं की मी, संयोगिता — बरं, ते बाहेर जातील, हरकत नाही. श्रीहर्ष, तुम्ही जरा जिन्यात — काय? मी? राजी, मी आहे गं. अहो मी — माझ्याकडं बघ. बघ तरी. —

हो. हो, अक्का. चुकलं. घाबरू नका, नाही बघत मी. जातो, दोघंही जातो. हो, बाहेरच बसतो. दार ओढून घेतो.

चला श्रीहर्ष. जिन्यात चला. जपून, ती पायरी फुटलीय.

ऐकलंत तुम्ही? नीट ऐकलंत ना, की मलाच तसं वाटलं? परक्या माणसांपुढं मी पासवर्ड टाकत नाही, म्हणाली. तुम्ही दोघं बाहेर बसा, आमचे हे येतीलच इतक्यात, जे काय काम असेल ते त्यांच्याशी बोला. आमचे हे. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली. डोळ्यांत ओळख नाही, नुसती भीती, माझी भीती — या हातानं सकाळी मी तिची वेणी घातली हो. आणि मी अक्का म्हणालो तिला. तोंडातनं कसं निघालं कोण जाणे. ती घाबरली म्हणून निघालं. स्वतःच्या बायकोला अक्का म्हणालो, तेव्हा कुठं तिचा जीव शांत झाला.

नको, पाणी नको. बसतो जरा. पाठीवर हात नका ठेवू, त्यानं जास्त होतं.

गप्प. ऐका. टपटपटप. थांबली — आता परत. आणि ती शेवटची, जोरात. उघडलं. पासवर्ड आहे हो तिच्याकडं, सगळा आहे. मीच नाही. मला वाटायचं ते खातं जपलं म्हणजे आमच्या दोघांतलं काहीतरी जपलं, आणि ते जपलं गेलं बघा, जसंच्या तसं, फक्त मी बाहेर जिन्यात आहे.

आता वाचून हसली असेल.

तुम्ही निघा. नाही, राग नाही, तुमचा काय दोष? त्या कोपऱ्याला हात लावू नका एवढंच, बाकी ब्लॉग तुम्हाला हवा तसा करा. संयोगिताला यातलं काही सांगू नका, तिला अजून वाटतंय की आई बाबांना तरी ओळखते. मी इथंच बसतो. उघडेल ती दार, उघडलं की बघू, कोण म्हणून आत जायचं ते.

जा आता. उद्या या. मालक आलेले असतील तोवर.