उंबरठ्यावरचं प्रकरण

शिक्षणावरची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाकडे मी माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताचा गठ्ठा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. सोबत त्यांचा मुख्याध्यापक भाऊ होता.

“पाचवं प्रकरण काढून टाक.”

“दादा, हळू बोल.”

“वाचता न येणाऱ्या पोरांना वर्गाच्या उंबरठ्यावर बसवणारे गुरुजी! ना धड आत, ना धड बाहेर! हा कोण, ते लोकांना कळणार नाही?”

“मी नाव कुठं घातलंय?”

“नाव कशाला पाहिजे? शिपायापासून पालकांपर्यंत सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील. सख्ख्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, आणि वर त्याला समाजपरिवर्तन म्हणायचं!”

“ते प्रकरण पूर्ण वाचलंस?”

“दोन पानं वाचली आणि डोकं फिरलं माझं.”

“तिसरं वाचायचं होतंस. उंबरठ्यावर बसलेली ती मुलगी म्हणजे मी, दादा. दुसरीत होते. आणि ते गुरुजी म्हणजे आपले बाबा.”

“काहीतरीच काय? घरी कधी बोलली नाहीस.”

“घरी कुणाला सांगणार होते? बाबांनाच?”

तेवढ्यात प्रकाशकांचा शिपाई आतून आला.

“ताई, साहेब आत बोलावतायत.”

“हो, आलेच. दादा, मला फक्त एवढं सांग. तुझ्या शाळेत सध्या उंबरठ्यावर कोण बसतंय?”