नथ घातलेली महाशीर

आमचे काका पेशवाईतल्या एका पूर्वजाच्या भक्तीचा किस्सा सांगतात. मी तो त्याच्या सुनेचा म्हणून सांगते.

पहिलटकरीण सून, पण सासरे तिला माहेरी धाडेनात. उलट नातू व्हावा म्हणून नवस बोलून त्यांनी तिचीच नथ मुठेच्या डोहातल्या, देवाच्या मानलेल्या मिशाळ महाशीर माशाच्या नाकात अडकवली. रोज कणकेच्या गोळ्याही घालू लागले. पावसाळ्यात नदी भरली आणि मासा दिसेनासा झाला.

"अगं, नथ गेली की!" सासरे ओरडले.

सून म्हणाली, "मामंजी, ही मासोळी अंडी घालायला उगमाकडे जाते. नथ घातलीत, म्हणजे तीही तुमची सूनच. ती न विचारता माहेरी गेली. मी विचारतेय."

दुपारीच डोली आली.

पुढे तिला मुलगी झाली. काका तेवढं सांगत नाहीत.